लाइफस्ट्रॉ: थरच्या वाळवंटातील रिलेत वापरलेल्या गाळणी नळीचे परीक्षण

लाइफस्ट्रॉ म्हणजे पाणी गाळत थेट तोंडाने ओढून पिण्याची नळी. अशी पहिली नळी आम्ही घेतली ती बॅटन म्हणून. गेल्या जानेवारीत पुण्यातील आम्ही आठ धावपटू, पाच पुरुष आणि तीन स्त्रिया, जोधपूरहून निघून ओसियां, फलोदी, रामदेवरा आणि पोखरण या मार्गाने चार दिवसांत जैसलमेरला पोहोचलो. अंतर ३०० किलोमीटरहून थोडे अधिक होते, प्रत्येक टप्पा ५ किलोमीटरचा होता, आणि वाटेतल्या शाळांत व पाणवठ्यांवर थांबून पिण्याच्या सुरक्षित पाण्याविषयी लोकांशी बोलायचे, असा बेत होता. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तूही पाण्याशी नाते सांगणारी असावी, असे आमच्यातल्या एका ताईंनी सुचवले आणि ही निळी नळी पुढे आली. शर्यतीतील बॅटन नियमाप्रमाणे २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि किमान ५० ग्रॅम वजनाचे असते. लाइफस्ट्रॉची एका माणसाच्या वापराची नळी सुमारे २२ सेंटिमीटर लांब आणि ४६ ग्रॅम वजनाची आहे. घामेजलेल्या मुठीत ती नीट बसते आणि धावत धावत देता-घेता येते. बॅटनची नळी आम्ही पिण्यासाठी वापरली नाही. पिण्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःची वेगळी नळी होती, कारण एकाने तोंड लावलेली नळी दुसऱ्याने वापरणे हे ज्या कामासाठी आम्ही निघालो होतो त्याच्याच विरुद्ध झाले असते.

चार दिवस ती वापरल्यानंतर, आणि परत आल्यावर सह्याद्रीतल्या दोन-तीन गडांवर नेल्यानंतर, हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू चांगली आहे, हे आधीच सांगतो. मात्र वाळवंटात तिच्या चांगुलपणाची सीमा फार लवकर दिसते, आणि ती सीमा समजून न घेता कोणी ती विकत घेतली किंवा गावात वाटली, तर त्यातून नुकसान होऊ शकते.

नळीची रचना साधी आहे. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या नळकांड्यात अतिशय बारीक, आतून पोकळ अशा तंतूंचा जुडगा भरलेला असतो आणि त्या तंतूंच्या भिंतींना ०.२ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रे असतात. खालचे टोक पाण्यात बुडवून वरून ओढले की पाणी या भिंतींतून झिरपून तोंडात येते. जिवाणू आणि परजीवी मात्र छिद्रांपेक्षा मोठे असल्यामुळे बाहेरच अडकतात. वीज लागत नाही, औषध लागत नाही, चवही बदलत नाही. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे एक नळी ४,००० लिटर पाणी गाळते. पिऊन झाल्यावर उलट दिशेने जोरात फुंकर मारून आतले पाणी काढून टाकायचे, एवढीच तिची निगा. पहिल्यांदा वापरताना ती काही मिनिटे पाण्यात धरून ठेवावी लागते आणि सुरुवातीचे दोन-चार घोट कष्टाने ओढावे लागतात. त्यानंतर पाणी सहज येऊ लागते. गढूळ पाणी असेल तर ते आधी कापडातून गाळून घेतलेले बरे. आम्ही पहिल्या दिवशी तसे केले नाही आणि संध्याकाळपर्यंत दम लावून ओढण्याची वेळ आली. फुंकर मारून नळी मोकळी झाली आणि पुढचे तीन दिवस एका सहकाऱ्याची सुती ओढणी आमच्या सामानात सर्वांत वर राहिली.

या नळीचा पूर्वज ज्या रोगासाठी जन्मला तो रोग आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे नारू. माझी आजी नारूचे नाव घेताना आवाज खाली आणत असे. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाय बुडवून पाणी भरत. ज्याच्या पायाला नारूची जखम असेल त्याच्या जखमेतून असंख्य अळ्या पाण्यात जात. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे अगदी बारीक जीव त्या अळ्या गिळत. आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे वर्षभराने जवळजवळ एक मीटर लांबीची कृमी तयार होऊन बहुधा पायातून बाहेर पडू लागे. तिला काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत काढायचे, तुटू द्यायची नाही, हाच काय तो उपाय होता. भारतात १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला; राजस्थान आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्या यादीत होती. त्यात मोठे शस्त्र होते ते दुहेरी कापडाची गाळणी आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवणे. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. आफ्रिकेत हे काम अमेरिकेच्या कार्टर सेंटर या संस्थेने हाती घेतले होते. शेतात किंवा गुरांमागे हिंडणाऱ्या माणसाला गळ्यात अडकवून नेता येईल अशी जाळीची नळी तिथे हवी होती, आणि वेस्टरगार्ड या कंपनीने ती १९९० च्या दशकात तयार केली. २००१ मध्ये एकट्या सुदानमध्ये अशा ९० लाखांहून अधिक नळ्या वाटल्या गेल्या. पुढे त्याच कल्पनेतून, जाळीच्या जागी जिवाणूही अडवणारी गाळणी घालून, २००५ मध्ये लाइफस्ट्रॉ आली.

हे सगळे मला कागदावर ठाऊक होते. ओसियांच्या पुढे एका ढाणीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, आम्ही थांबलो तेव्हा ते डोळ्यांसमोर आले. खाटेवर बसलेल्या एका आजोबांनी माझ्या हातातली नळी मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि मी "पानी छानने की नली" असे म्हणताच धोतर थोडे वर करून घोट्यावरचा व्रण दाखवला. बोटभर लांबीचा, कडेने आकसलेला, चकचकीत झालेल्या कातडीचा तो व्रण होता. "नारू", एवढेच ते म्हणाले, आणि दोन बोटांनी काडी फिरवल्यासारखा हात हलवला. त्या पेरणीत आपण महिनाभर अंथरुणावर होतो, घरात पाणी आणायला माणूस नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. ज्या जिल्ह्यात हा रोग देशात सर्वांत शेवटी संपला त्याच जिल्ह्यात, तो रोग झालेल्या माणसाच्या हातात ही नळी होती. मला तिथे काहीही समजावून सांगावे लागले नाही.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. थरमध्ये पिण्याच्या पाण्याचे मुख्य घरगुती साधन म्हणजे टांका. आपल्या गडांवरच्या टाक्यांचाच हा भाऊबंद आहे, शब्दही एकच. जमिनीत खोदलेली गोल, गिलावा केलेली टाकी, वर झाकण, आणि भोवती उतार दिलेली स्वच्छ जमीन, जिला तिकडे आगोर म्हणतात. पावसाआधी आगोर झाडून घ्यायचे, त्यावर चपला घालून जायचे नाही, गुरे फिरकू द्यायची नाहीत, असे नियम घरोघर पाळले जातात. जोधपूरच्या काजरी या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेने टांक्याच्या सुधारित रचनाही तयार केल्या आहेत, ज्यांत पाणी आत शिरण्याच्या तोंडाशी जाळी आणि गाळ बसण्याची सोय असते. चांगल्या टांक्याचे पाणी थंड, गोड आणि स्वच्छ दिसणारे असते. पण शेळीची लेंडी वाऱ्याने आत जाते, दोरी-बादली जमिनीवर टेकलेली असते, कधी झाकण उघडे राहते. डोळ्यांना दिसत नाही असा धोका त्यात असतोच.

असेच पाणी आम्ही तपासले. आमच्यातले एक सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी एचटूएस बाटल्या आणल्या होत्या. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी आहे: छोट्या बाटलीत ठरावीक खुणेपर्यंत पाणी घालायचे, उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे, आणि पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याचा दाट संशय धरायचा. अडचण दोन ठिकाणी आली. पहिली म्हणजे लाइफस्ट्रॉमधून गाळलेले पाणी तोंडाने ओढावे लागते, ते बाटलीत घालायचे तर तोंडातले जंतू त्यात मिसळणार. म्हणून सरांनी पशुवैद्यकाकडची मोठी निर्जंतुक सिरिंज आणि रबरी नळीचा तुकडा वापरून पाणी ओढले. दुसरी अडचण थंडीची. फलोदी हे उन्हाळ्यात ५१ अंशांपर्यंत तापलेले गाव आहे, १९ मे २०१६ चा तो आकडा प्रसिद्ध आहे, पण जानेवारीतल्या रात्री तिथे स्वेटरवर शाल घ्यावी लागते. बाटल्या उबदार राहाव्यात म्हणून सर त्या मोज्यांत गुंडाळून स्वतःच्या झोपण्याच्या पिशवीत पोटाशी घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टांक्याच्या पाण्याची बाटली शाईसारखी काळी झाली होती. गाळलेल्या पाण्याची बाटली तशीच पिवळसर राहिली. दोन बाटल्यांवरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, हे सरांनीच बजावले. पण कंपनी जे सांगते त्याच्याशी आमचा अनुभव जुळला, आणि आठपैकी एकाचेही पोट चार दिवसांत बिघडले नाही.

विषाणूंबाबत मात्र जागरूक राहिले पाहिजे. कावीळ पसरवणारे हेपॅटायटिस ए आणि ई, तसेच लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस, हे सगळे ०.२ मायक्रॉनच्या छिद्रांपेक्षा कित्येक पटींनी लहान असतात. ही नळी विषाणू अडवते असा कंपनीचाही दावा नाही. अमेरिकेतल्या डोंगरावरच्या ओढ्याला हा मुद्दा फारसा लागू नसेल. आपल्याकडे, जिथे पाण्यातून येणाऱ्या काविळीच्या साथी दर काही वर्षांनी ऐकू येतात, तिथे तो पहिला मुद्दा आहे. म्हणून मानवी वस्तीजवळच्या पाण्यासाठी आम्ही आधी क्लोरीनचे थेंब घातले, अर्धा तास थांबलो आणि मग नळी लावली. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर आणि घराघरांत मेडिक्लोर ज्या कामासाठी असते तेच हे काम. नळीने ते काम होत नाही, आणि पाणी उकळण्याची सोय असेल तर उकळणे याहून उत्तम.

इथपर्यंत नळीच्या बाजूने बोलता येते. पण थरमध्ये सुरक्षित पाण्याचा खरा प्रश्न जंतूंवर संपत नाही. तिकडचे लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पालर पाणी म्हणजे थेट पावसाचे, जे टांक्यात किंवा तळ्यात साठते. पाताळ पाणी म्हणजे खोल विहिरीचे, बोअरवेलचे, जे बहुतेक ठिकाणी खारट असते. आणि या दोहोंच्या मधले रेजाणी पाणी, जे वाळूत मुरते आणि खाली खडूसारख्या जिप्समच्या थराने अडल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही; अरुंद कुंई खणून ते थेंबाथेंबाने गोळा करतात. मला हे वर्गीकरण फार शहाणपणाचे वाटते. आपण बाटलीवरचा दिनांक पाहतो, तिकडचे लोक पाणी कुठून आले हे पाहतात. लाइफस्ट्रॉ ही पालर पाण्याची गाळणी आहे. पाताळ पाण्यापुढे तिचे काही चालत नाही.

हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले ते जरा वाईट रीतीने. जीप आणि पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे कॅन ज्यांच्याकडून भाड्याने घेतले होते, त्यांनी काही कॅन वाटेतल्या बोअरवेलवर भरून आणले आणि वर जुनीच झाकणे लावली. नाव घेत नाही. पहिल्या घोटालाच जिभेवर खारट तुरटपणा आला. आमच्यातल्या एका तरुण धावपटूने भाबडेपणाने त्यात नळी घातली, प्यायला आणि म्हणाला, "तसंच लागतंय." पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर चार आकडी संख्या आली, गाळलेल्या पाण्यातही तीच आली. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. विरघळलेला क्षार हा जंतूसारखा कण नसतो; तो ०.२ मायक्रॉनच्या छिद्रातून पाण्याबरोबरच पार होतो. मीठ घातलेले ताक फडक्यातून गाळल्याने अळणी होत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

खारटपणा निदान जिभेला कळतो. जास्त झाल्यास दात आणि हाडे बिघडवणारे फ्लोराइड कळत नाही. मानकानुसार त्याचे इष्ट प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत आहे आणि दुसरा पर्याय नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत, राजस्थानात अनेक जिल्ह्यांत भूजल त्याहून वर जाते. या विषयावर मला शांतपणे लिहिणे जमत नाही. माझे आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला आहे. तिथल्या माझ्या मामेभावंडांच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी आडवे पट्टे होते आणि आम्ही पुण्याची मुले त्यांना दात घासत नाही म्हणून चिडवत असू. मोठे मामा पन्नाशीत कमरेतून वाकले. ते पट्टे आणि ती पाठ एकाच विहिरीने दिली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ होते. जंतूही बहुधा नव्हते. लाइफस्ट्रॉ त्या वेळी असती आणि मामांनी जन्मभर वापरली असती, तरी त्यांच्या हाडांत काडीचाही फरक पडला नसता.

फलोदीच्या पुढे एका हातपंपाचे पाणी आम्ही फ्लोराइडच्या किटने तपासले. यात पाण्यात औषधाचे थेंब घालून रंग पाहायचा असतो; गुलाबी राहिला तर ठीक, पिवळ्याकडे झुकला तर फ्लोराइड जास्त. पिवळा झाला. नळीतून ओढलेल्या पाण्यावर तीच चाचणी केली, पुन्हा तितकाच पिवळा. भोवती शाळेतली मुले उभी होती आणि दोन्ही परीक्षानळ्यांकडे आळीपाळीने पाहत होती. त्यांच्यापैकी एक जण हसला तेव्हा त्याच्या पुढच्या दातांवर मला आजोळचे पट्टे दिसले.

यावर उपाय नाहीत असे नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर एवढ्यावर चालते: पाण्यात ठरावीक प्रमाणात घालायचे, ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी काढून घ्यायचे. बादलीतही करता येते, पण प्रमाण पाण्यागणिक बदलते आणि रोज कोणीतरी ते नेमाने करावे लागते. आरओ यंत्रही फ्लोराइड काढते. मात्र ते वीज मागते आणि बरेच पाणी वाया घालवते, जे वाळवंटात विचार करण्याजोगे आहे. पिण्यापुरते पावसाचे पाणी टांक्यात साठवणे आणि बोअरवेलचे पाणी इतर कामांना ठेवणे, हा तिथल्या लोकांचा जुना मार्ग मला या सगळ्यांत सरस वाटतो. पश्चिम राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याचे पाणीही पुष्कळ गावांत पोहोचले आहे. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघून जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढजवळ संपणारा हा कालवा सुमारे ६५० किलोमीटरचा आहे. त्यातून येणारे पाणी क्षारांच्या दृष्टीने बरे असते. त्यावर मात्र जंतूंचा उपाय करावाच लागतो, आणि तिथे नळी पुन्हा उपयोगी पडते.

पोखरणच्या अलीकडे एका टांक्यावर पाणी भरायला आलेल्या बाईंनी आम्ही केलेली नळीची बरीच वाखाणणी ऐकून घेतली आणि मग डोक्यावरचा घडा खाली ठेवून विचारले, "इससे घड़ा कैसे भरेगा?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ही नळी एका तोंडाची आहे. तिने घडा भरत नाही, पिठात घालायला पाणी मिळत नाही, तान्ह्या मुलाला पाजता येत नाही, कारण तान्हे मूल एवढ्या जोराने ओढू शकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसालाही ते जड जाते. गुराखी, प्रवासी, सैनिक, धावपटू यांच्यासाठी ती बनली आहे, घरासाठी नाही. त्याच कंपनीची लाइफस्ट्रॉ फॅमिली नावाची दुसरी वस्तू आहे, जी उंचावर टांगून वरून पाणी ओतायची असते. तिची छिद्रे ०.०२ मायक्रॉनची असल्यामुळे ती विषाणूही अडवते आणि १८,००० लिटरपर्यंत चालते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर ती आहे, निदान जंतूंपुरते. क्षार आणि फ्लोराइड तिच्यातूनही जातात. आमच्याकडे ती नव्हती. पुढच्या वेळी न्यायची असेल तर तीच न्यावी, असे मी सहकाऱ्यांना सांगितले आहे.

त्या रात्री आम्ही आमचे भाषण बदलले. सुरक्षित पाण्यासाठी लांब पल्ल्याची रिले धावण्याची कल्पना आमची नाही. २००७ मध्ये ब्लू प्लॅनेट रन या उपक्रमात २० धावपटूंनी १ जूनला न्यूयॉर्कहून निघून, रात्रंदिवस बॅटन फिरते ठेवून, १६ देशांतून ९५ दिवसांत सुमारे २४,००० किलोमीटर अंतर तोडले होते. त्याच्या आदल्या हिवाळ्यात तीन धावपटूंनी सेनेगलच्या किनाऱ्यापासून इजिप्तमधल्या तांबड्या समुद्रापर्यंत अख्खे सहारा १११ दिवसांत धावून पार केले, तेही पाण्याच्या कामासाठीच. या मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे. पण धावण्याने लोक थांबतात आणि ऐकतात, एवढेच होते. ऐकवायचे काय, हे ठिकाणागणिक ठरवावे लागते. पहिले दोन दिवस आम्ही नळी उंच धरून "पाणी गाळून प्या, सुरक्षित राहा" असे सांगत होतो. तिसऱ्या दिवसापासून आधी विचारू लागलो, की पाणी पालर आहे का पाताळ, आणि टांका असला तरी तो पावसाने भरला आहे का टँकरने, कारण हल्ली उन्हाळ्यात कितीतरी टांके टँकरच्या पाण्याने भरले जातात आणि ते पाणी कुठले हे भरणाऱ्यालाच ठाऊक असते. उत्तर मिळाल्यावरच नळी दाखवायची का किट काढायचे, ते ठरे.

मराठी वाचकांपैकी बहुतेकांना ही नळी वाळवंटासाठी नको असेल, गडांसाठी हवी असेल, आणि तिथे ती मी बिनदिक्कत सुचवतो. राजगड, हरिश्चंद्रगड अशा ठिकाणची खडकातली टाकी म्हणजे शुद्ध पालर पाणी: क्षार कमी, फ्लोराइडची चिंता नाही, भीती असते ती पानगळीची, माकडांची आणि माणसांच्या निष्काळजीपणाची. पावसाळ्यानंतर गर्दी वाढली की विषाणूंसाठी क्लोरीनचे थेंब जवळ ठेवावेत. बाटलीत पाणी भरून मग त्यात नळी घालून प्यायल्यास टाक्यावर ओणवे व्हावे लागत नाही आणि तोंडही टाक्याच्या पाण्यापासून दूर राहते; मला हीच रीत पसंत आहे. धावताना मात्र थांबून, बाटली उघडून, नळी घालून ओढणे जिकिरीचे होते, दम लागलेला असताना तर फारच. निव्वळ धावण्यासाठी घ्यायची असेल तर बाटलीला जोडलेली गाळणी पाहावी.

हिमालयात नेणाऱ्यांनी एक सूचना लक्षात ठेवावी: एकदा ओली झालेली नळी गोठू देऊ नये. आतले पाणी गोठून फुगले की तंतू फाटतात, आणि फाटलेली नळी बाहेरून तशीच दिसते. थंडीत ती रात्री कपड्यांत गुंडाळून अंगाजवळ ठेवावी. आमच्या नळ्या माझ्या भाचीने अमेरिकेहून येताना आणल्या, तिथे एक नळी साधारण २० डॉलरला मिळते. भारतात ऑनलाइन मिळते, पण विक्रेता पारखून घ्यावी. विकल्या गेलेल्या प्रत्येक वस्तूमागे गरजू भागातल्या शाळेतील एका मुलाला वर्षभर सुरक्षित पाणी देण्याचा कंपनीचा उपक्रम आहे, आणि केनियातल्या शाळांमध्ये त्याचे काम झालेले आहे. माझ्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे.

शेवटच्या दिवशी जैसलमेरच्या अलीकडे एका शाळेत आमचा अखेरचा थांबा होता. बॅटनची नळी, जी चार दिवस सोळा हातांतून फिरली होती आणि एकदाही पाण्यात बुडाली नव्हती, ती शाळेला भेट द्यायचे आम्ही ठरवले होते. गुरुजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, मुलांना दाखवली, आणि थोडा विचार करून परत माझ्या हातात ठेवली. शाळेत एकशे चाळीस मुले आहेत, ही एक कोणाला देऊ, असे ते म्हणाले. मग सरांच्या पिशवीत उरलेल्या एचटूएस बाटल्या आणि फ्लोराइडचे किट त्यांनी मागून घेतले, ते कसे वापरायचे हे दोनदा समजून घेतले, आणि पहिली बाटली शाळेच्याच टांक्यातून भरून स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात उबेला ठेवली.